पेशींतील हमाल

श्रोतेहो, आजचा विषय इतिहासाचा आहे, पण त्यांत राजे नाहींत, लढाया नाहींत आणि तहहि नाहींत. सव्वा लाख पावलें टाकावीं तेव्हां कोठें एक मिलिमीटर वाट सरते, अशा कांहीं हमालांचा हा इतिहास आहे. हे हमाल आपल्या शरीरांतील बहुतेक पेशींत अहोरात्र ओझीं वाहत असतात. मनुष्याला त्यांची ओळख पटण्यास दोनशें वर्षांहून अधिक काळ लागला. तो काळ कसा गेला, मधें कोठें अडखळला, आणि आमच्या या मुंबई-पनवेलच्या टापूंत त्या कथेचे कोणते अध्याय लिहिले गेले, हें सांगण्याचा माझा विचार आहे. मी शाळेंत जन्मभर इतिहास शिकविला, रसायनशास्त्र नव्हे. तेव्हां सूत्रें आणि समीकरणें यांची भीति श्रोत्यांनीं बाळगूं नये.

प्रथम मूळ अडचण काय होती तें पाहूं. आपल्या तळपायांतील लहान स्नायु ज्या मज्जापेशीच्या हुकमानें हलतात, ती पेशी कंबरेच्या भागांत, कण्याच्या आंत वसलेली असते. तिच्यापासून निघालेला एकच तंतु थेट तळपायापर्यंत जातो. लांबी जवळजवळ एक मीटर. जाडी मात्र मिलिमीटरच्या कांहीं हजारांशांइतकीच. तंतूच्या टोंकाला लागणारीं प्रथिनें बहुतांशीं मूळ पेशींत तयार होतात आणि तेथून तीं पाठवावीं लागतात. आतां शाईचा थेंब स्थिर पाण्यांत टाकला तर तो आपोआप पसरतो. तसा हा मालहि पसरत पसरत जात असेल, असें कोणी म्हणेल. पण या पसरण्याचा हिशेब विलक्षण आहे. अंतर दुप्पट झालें कीं वेळ चौपट लागतो, दसपट झालें कीं शंभरपट. साध्या पेशीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाण्यास प्रथिनाच्या कणाला कांहीं सेकंद पुरतात. पण त्याच रीतीनें एक मीटर जावयाचें तर एक हजार वर्षांहून अधिक काळ हवा. देवगिरीच्या यादवांच्या अमदानींत कण्यांतून निघालेला कण आजहि तळपायाला पोंचला नसता. ज्या अर्थीं आपले पाय चालतात, त्या अर्थीं या मालाची ने-आण कोणीतरी करीत असलें पाहिजे.

पेशीच्या आंत कांहीं तरी हालतें, हें फार पूर्वीं दिसलें होतें. इ. स. १७७४ मध्यें इटलींतील बोनाव्हेंतुरा कोर्ती या धर्मोपदेशकानें कारा नांवाच्या पाणवनस्पतीवरील आपलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. ही वनस्पति साचलेल्या गोड्या पाण्यांत वाढते. आपल्याकडील भातखाचरांतहि ती सांपडते. तिची एकेक पेशी कांहीं सेंटिमीटर लांब असते. त्या पेशींतील रस एका बाजूनें वर जातो, टोंकाशीं वळतो आणि दुसऱ्या बाजूनें खालीं येतो, असें कोर्तीला दिसलें. रहाटगाडग्याप्रमाणें तो अखंड फिरत होता. पुढें १८२७ मध्यें रॉबर्ट ब्राउन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाला परागांतील बारीक कण पाण्यांत थरथरतांना दिसले. ही थरथर जीवंतपणाची खूण असेल काय, म्हणून त्यानें दगडाची पूड पाण्यांत टाकून पाहिली. तीहि तशीच थरथरली. म्हणजे पेशींत दोन तऱ्हेची हालचाल आहे: एक दिशाहीन, जी निर्जीव धुळींतहि दिसते, आणि दुसरी ठराविक वाटेनें जाणारी. ब्राउनचा हा विवेक मला फार मोलाचा वाटतो, कारण पुढचा सारा इतिहास या दुसऱ्या हालचालीचा आहे.

परंतु येथेंच एक शब्द रूढ झाला आणि त्यानें पुष्कळ काळ घोटाळा केला. तो शब्द म्हणजे ‘प्रवाह’. ओढ्याच्या पाण्याबरोबर पान वाहत जावें तसा पेशींतील माल रसाबरोबर वाहत जातो, असें चित्र विद्वानांच्या मनांत बसलें. इतिहासाच्या मास्तराला याचें नवल वाटत नाहीं. १८५७ सालाला ‘शिपायांचें बंड’ म्हटलें कीं विद्यार्थी शिपायांपलीकडे पाहत नाहीं. नांव बदललें कीं त्याची नजरहि बदलते.

१९४८ मध्यें पॉल वाइस आणि हेलन हिस्को या दोघांनीं अमेरिकेंत एक सुरेख प्रयोग केला. त्यांनीं प्राण्यांच्या मज्जातंतूंवर आवळ बंध बसविला. कांहीं आठवड्यांनीं बंधाच्या वरच्या अंगाला तंतु फुगले होते आणि खालच्या अंगाला बारीक झाले होते. पाटाला बांध घातला म्हणजे एका बाजूस पाणी तुंबतें, तसेंच हें. बंध सोडतांच तुंबलेला माल दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीनें खालीं सरकूं लागला. मज्जातंतु नुसती तार नसून त्यांतून मालाची रहदारी चालते, हें या प्रयोगानें पक्कें झालें. मात्र वाइसलाहि ती रहदारी प्रवाहच वाटली.

१९६० नंतर किरणोत्सर्गी खुणेनें मालावर जणूं शिक्का मारून त्याचा माग काढण्याची युक्ति हातीं आली, आणि प्रवाहाची कल्पना डळमळीत झाली. कांहीं माल खरोखरच दिवसाला एक मिलिमीटर रांगत होता; परंतु मांजराच्या मांडींतील मज्जातंतूंत दुसरा कांहीं माल दिवसाला सुमारें ४०० मिलिमीटर धांवत असल्याचें आढळलें. इतकेंच नव्हे, तर कांहीं माल टोंकाकडून कण्याकडे उलट येत होता. ओढा एकाच वेळीं दोन गतींनीं आणि दोन दिशांना कसा वाहील? अशी ये-जा रस्त्यावर होते, ओढ्यांत नाहीं. मग पेशींत रस्ता कोठें आहे?

तो रस्ता १९६३ मध्यें दिसला, आणि तो दिसण्याचें कारण मोठें साधें होतें. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाची पेशी अगोदर मारून घट्ट करावी लागते. त्यासाठीं पूर्वीं जीं द्रव्यें वापरीत, त्यांत पेशींतील नाजूक बांधणी बहुधा टिकत नसे. ग्लूटराल्डिहाइड हें नवें द्रव्य वापरांत आलें, आणि मायरन लेडबेटर व कीथ पोर्टर यांना वनस्पतींच्या पेशींत बारीक नळ्यांचें जाळें स्वच्छ दिसलें. या नळ्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात. एकीचा व्यास २५ नॅनोमीटर. अशा ४०,००० नळ्या शेजारीं शेजारीं मांडल्या तर एक मिलिमीटर रुंदी भरेल. प्रत्येक नळी बहुधा १३ पदरांची असते, आणि प्रत्येक पदर ८ नॅनोमीटर लांबीच्या जोडविटा एकापुढें एक लावून झालेला असतो. साऱ्या विटांचीं तोंडें एकाच दिशेला असल्यामुळें नळीचीं दोन टोंकें सारखीं नसतात. हा मुद्दा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. जाण्याची आणि येण्याची दिशा हमालाला यावरूनच कळते.

या विटा कशाच्या, हें शोधून काढण्यास एका विषाचें साहाय्य झालें, आणि तें विष आमच्या ओळखीचें आहे. तळोज्याच्या आसपासच्या कुंपणांतून पावसाळ्यांत कळलावी फुलते. हिरवट, पिवळी आणि मग लालभडक, अशा ज्वाळेसारख्या पाकळ्यांच्या या वेलीला अग्निशिखा असेंहि म्हणतात. तिचा कंद भयंकर विषारी. पोटांत गेला तर माणूस दगावतो, म्हणून मुलांना तिच्यापासून दूर ठेवावें हें बरें. त्या कंदांत कोल्चिसिन नांवाचें द्रव्य असतें. युरोपांत हेंच द्रव्य दुसऱ्या एका कंदांतून काढून संधिवाताच्या एका प्रकारावर देत असत. कोल्चिसिनच्या स्पर्शानें पेशीचें विभाजन अर्ध्यावर थबकतें, हें १९३० नंतरच्या दशकांत चांगलें माहीत झालें होतें. कां थबकतें तें मात्र कळेना. १९६७ मध्यें शिकागो येथें गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनीं किरणोत्सर्गी कोल्चिसिन निरनिराळ्या ऊतकांत घालून तें कशाला चिकटतें तें पाहिलें. जेथें जेथें सूक्ष्मनलिका विपुल, तेथें तेथें तें अधिक चिकटलें. मेंदूंत तर फारच. ज्या प्रथिनाला तें चिकटलें तीच नळीची वीट होय. १९६८ मध्यें हिदेओ मोहरी या जपानी शास्त्रज्ञानें तिला ट्युब्युलिन असें नांव दिलें. कोल्चिसिन सुट्या विटेला धरून बसतें, म्हणून नळी बांधली जात नाहीं. विभाजनाच्या वेळीं गुणसूत्रें दोहों बाजूंना नेण्याचें काम याच नळ्यांच्या आधारें होत असल्यामुळें पेशी तेथेंच अडून राहते.

कळलावीची सखी म्हणावी अशी दुसरी वनस्पति दारोदारीं आहे: सदाफुली. ही मूळची मादागास्कर बेटांतली. मधुमेहावर तिचीं पानें उपयोगी पडतात असा समज पुष्कळ देशांत होता, म्हणून कॅनडांतील रॉबर्ट नोबल यांनीं जमेकांतून आलेल्या पानांचा अर्क उंदरांवर तपासला. रक्तांतील साखरेवर कांहींच परिणाम झाला नाहीं. पण पांढऱ्या पेशी मात्र झपाट्यानें कमी झाल्या. दुसरा एखादा मनुष्य प्रयोग फसला म्हणून हात झटकता. नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनीं तो धागा सोडला नाहीं, आणि १९५८ पर्यंत व्हिन्ब्लास्टिन हें द्रव्य वेगळें केलें. त्याचें भावंड व्हिन्क्रिस्टिन. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजहि हें औषध देतात. याचें कामहि सूक्ष्मनलिकांचीच बांधणी मोडण्याचें. पुढें या औषधांकडे आपल्याला पुन्हां वळावयाचें आहे.

रूळ सांपडले, आतां वाहणारा कोण? तळोज्याच्या लोकांना रुळांचें अप्रूप नाहीं. दिवा-पनवेल मार्गावरचें आमचें स्टेशन जुनें आहे, आणि १७ नोव्हेंबर २०२३ ला बेलापूर ते पेंधर ही मेट्रो सुरू झाल्यापासून उन्नत मार्गावरचे रूळहि रोज नजरेस पडतात. फरक एवढाच कीं हे रूळ एकदां घातले कीं वर्षानुवर्षें तेथेंच राहतात, आणि पेशींतले रूळ मात्र एकीकडे बांधले जात असतां दुसरीकडे एकाएकीं ढांसळतात. टिमथी मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनीं १९८४ मध्यें ही गोष्ट दाखवून दिली. अशा अस्थिर वाटेवर चालणारा हमाल कसा असेल?

पहिला हमाल वास्तविक अगोदरच सांपडला होता. इयन गिबन्स हा इंग्रज शास्त्रज्ञ अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांत टेट्राहायमेना या एकपेशी जीवाच्या अंगावरील केसांसारख्या वल्ह्यांचा अभ्यास करीत होता. त्या वल्ह्यांतील नळ्यांना इवले हात फुटलेले दिसतात. गिबन्सनें एका प्रथिनाला त्यांतून धुवून काढलें, तों हात नाहींसे झाले; प्रथिन परत घातलें, तों हात पुन्हां दिसूं लागले. हें प्रथिन एटीपी या द्रव्याचें विघटन करीत असे. एटीपी म्हणजे पेशींतील सर्वमान्य इंधन. १९६५ मध्यें या प्रथिनाला बलाच्या ‘डाइन’ या मापावरून डायनिन हें नांव मिळालें. पण तें वल्हीं हलविण्यापुरतेंच आहे असा समज झाला, आणि मज्जातंतूंतील वाहतुकीशीं त्याचा संबंध कोणी जोडला नाहीं.

त्यानंतर १९८३ मध्यें मायकेल शीट्झ आणि जेम्स स्पुडिच यांनीं एक डोळे दिपविणारा प्रयोग केला. स्नायूंत मायोसिन नांवाचें प्रथिन असतें. त्याच्याच बळावर आपले दंड चालतात. या दोघांनीं मायोसिन लावलेले बारीक मणी नायटेला नांवाच्या पाणवनस्पतीच्या चिरलेल्या पेशींत सोडले. नायटेला ही कोर्तीच्या काराचीच बहीण. मणी आंतल्या तंतूंवरून एका दिशेनें धांवूं लागले. कोर्तीनें जो रस फिरतांना पाहिला, त्याचें इंजिन २०९ वर्षांनीं असें उघडें पडलें: रस आपण होऊन वाहत नव्हता, त्याला ओढणारे होते.

मज्जातंतूंतहि मायोसिनच असेल, अशा अपेक्षेनें रॉनल्ड व्हेल हा स्टॅनफर्डचा तरुण विद्यार्थी शीट्झबरोबर कामाला लागला. त्यासाठीं त्यांना हवा होता स्क्विड, म्हणजे आपल्या कोळीवाड्यांत ज्याला माकूल म्हणतात तो समुद्रजीव. त्याच्या अंगांतील एक मज्जातंतु इतका जाड असतो कीं तो नुसत्या डोळ्यांनीं दिसतो. पण १९८३ सालीं पॅसिफिक महासागराचें पाणी एल निनोमुळें तापलें होतें आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर स्क्विड मिळेना. तेव्हां हे दोघे दुसऱ्या किनाऱ्यावरील वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेंत गेले. कामाची खरी जुळणी तेथेंच झाली. तेथें टॉमस रीझ यांची प्रयोगशाळा होती, आणि व्हिडिओ कॅमेरा जोडून सूक्ष्मदर्शकाची नजर तीक्ष्ण करण्याची नवी कलाहि तेथें उपलब्ध होती. स्क्विडच्या तंतूंतील गाभा नळींतून दंतमंजन पिळावें तसा पिळून काढला, तरी त्यांतील पुड्या धांवत राहत, हें स्कॉट ब्रेडी, रेमंड लासेक आणि रॉबर्ट ॲलन यांनीं १९८२ मध्यें दाखविलें होतें.

व्हेल आणि त्याच्या सहकाऱ्यांना अपेक्षा होती एक, आणि दिसलें भलतेंच. गाभ्याचा अर्क कांचेवर घातला तों सूक्ष्मनलिकाच कांचेवरून सरपटूं लागल्या. त्याचा उलगडा असा: हमाल पाठीवर उताणा पडून कांचेला चिकटला होता, आणि त्याच्या पायांवरून रूळच पुढें सरकत होता. हा हमाल मायोसिन नव्हता. नव्यानेंच ओळखावा लागणारा होता. १९८५ मध्यें त्याला वेगळें करून, हलणें या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून कायनेसिन हें नांव देण्यांत आलें. हा कण्यापासून टोंकाकडे माल नेतो. उलट दिशेचा हमाल कोण, याचें उत्तर १९८७ मध्यें ब्राइस पाश्चल आणि रिचर्ड व्हॅली यांनीं बैलाच्या मेंदूंतील प्रथिनावरून दिलें: तो डायनिनच होता. वल्हीं हलविणारा म्हणून बावीस वर्षें बाजूला बसविलेला हा गडी साऱ्या पेशींत परतीचा माल वाहत होता!

हमाल चालतो म्हणजे काय करतो, हें पाहण्यास प्रकाशाचाच चिमटा लागला. तीव्र प्रकाशाच्या झोतांत बारीक मणी अडकवून धरतां येतो, ही आर्थर ॲश्किन यांची १९८६ ची युक्ति. तिच्यासाठीं त्यांना २०१८ मध्यें वयाच्या ९६ व्या वर्षीं नोबेल पारितोषिक मिळालें. असा मणी एकाच कायनेसिनच्या पाठीवर देऊन कारेल स्वोबोदा, स्टीव्हन ब्लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ मध्यें त्याचीं पावलें मोजलीं. प्रत्येक पाऊल ८ नॅनोमीटर, म्हणजे रुळाच्या बरोबर एका जोडविटेएवढें! कायनेसिनला दोन पाय असतात. पुढच्या पायाला एटीपीचा कण मिळतो, त्यासरशी पायाजवळचा एक लवचिक पट्टा ताठ होऊन पुढें चिकटतो आणि मागचा पाय पुढें फेंकला जातो. नवा पाय टेकेपर्यंत जुना सुटत नाहीं. दोन्ही पाय एकदम सुटले तर हमाल वाहून जावयाचा. २००४ मध्यें अहमत यिल्दिझ आणि पॉल सेल्विन यांच्या चमूनें एकाच पायाला चमकदार रंग लावून पाहिला. तो पाय एकदां १६ नॅनोमीटर पुढें जाई, पुढच्या वेळीं स्वस्थ राही, मग पुन्हां १६. म्हणजे हा लंगडत किंवा फरफटत जात नाहीं. आपल्यासारखा एकाआड एक पाय टाकतो. एका पावलाला एटीपीचा एक कण, सेकंदाला सुमारें शंभर पावलें, आणि तशीं शंभरेक पावलें झालीं कीं बहुधा रुळावरून सुटून पडणें. म्हणूनच एका ओझ्याला अनेक हमाल लागतात. कायनेसिनच्या या चालीनें एक मीटर वाट सरण्यास पंधरवडा जावा. मज्जातंतूंतील जलद माल तर अडीच-तीन दिवसांतच पोंचतो. कोठें हजार वर्षें आणि कोठें तीन दिवस!

आतां मुंबईकडे येऊं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रूप मल्लिक यांनीं या हमालांचा अभ्यास मांडला. ते मूळचे पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी. त्यांच्यापुढील कोडें असें होतें. एकाच पुडीला दोन्ही जातींचे हमाल लागलेले असतात, आणि ते विरुद्ध दिशांना ओढतात; ही रस्सीखेचच होय. कायनेसिन एकटाच चांगला बळकट. त्यांच्या प्रयोगांतील डायनिन त्या मानानें फारच दुबळें. एका कायनेसिनशीं झुंजावयास तीं अनेक लागावीं. मग दुबळ्यांचा पक्ष जिंकतो कसा?

मल्लिक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनीं उंदराच्या भक्षकपेशींना बारीक मणी गिळावयास लावले आणि पेशी जीवंत असतांनाच प्रकाशाच्या चिमट्यानें ते मणी मागें ओढून धरले. २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेलें उत्तर मला रापण ओढणाऱ्या कोळ्यांची आठवण करून देतें. ओझें जड होतांच पुढचें डायनिन आपलें पाऊल आंखूड करतें आणि मंदावतें. तोंवर मागचीं येऊन त्याच्या खांद्याला खांदा देतात, आणि भार सर्वांत वांटला जातो. कायनेसिनला ही समजूत नाहीं. तो आपल्या आंखल्या पावलानें पुढें जातो, म्हणून पुढच्यावर सारा ताण येऊन तो सुटतो. २०१६ मध्यें त्यांनीं आणखी एक गोष्ट दाखविली. गिळलेल्या पुडीचें वय वाढतें तसें तिच्या आवरणावर कोलेस्टेरॉलयुक्त ठिपके तयार होतात, आणि डायनिन त्या ठिपक्यांवर घोळक्यानें जमतात. जंतु गिळलेली पुडी नाशाच्या जागीं वेळेवर पोंचते ती या घोळक्यामुळें. या कामाबद्दल मल्लिक यांना २०१४ मध्यें भटनागर पारितोषिक आणि २०१८ मध्यें इन्फोसिस पारितोषिक मिळालें. पुढें ते पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत गेले.

यकृतावरील त्यांचें काम तर आपल्या घरच्या उपवासाशीं येऊन भिडतें. उपाशी असतां शरीरांतील चरबी यकृतांत येऊन पडते. ती तशीच रक्तांत सोडली गेली तर अनर्थ व्हावयाचा. उंदीरवर्गीय प्राण्यांवरील प्रयोगांत असें दिसलें कीं पोट भरलेलें असतांना चरबीच्या थेंबांना कायनेसिन लागलेला असतो आणि तो ते थेंब पेशीच्या कडेकडे नेतो, जेथून त्यांतील चरबी रक्तांत जाण्याची तयारी होते. उपवासांत मात्र कायनेसिन थेंबांवरून उतरतो आणि चरबी यकृतांतच थांबून राहते. हें २०१७ मध्यें प्रसिद्ध झालें. २०१९ मध्यें, कायनेसिनला पुन्हां थेंबावर चढविण्याचा इशारा इन्शुलिनकडून येतो, हेंहि कळलें. एकादशीचा उपास सोडल्यावर यकृताच्या पेशीपेशींतून हमालांना अशी हांक जात असेल, हा विचार मला मोठा गमतीचा वाटतो. याच कुलाब्याच्या संस्थेंत संध्या कौशिका यांच्या चमूनें एका पारदर्शक सूक्ष्म कृमीच्या जीवंत मज्जातंतूंत ही रहदारी पाहिली, आणि तीत वाहनांप्रमाणें पुड्यांचीहि कोंडी होते असें २०१८ मध्यें दाखविलें. तळोजा औद्योगिक वसाहतीच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगेंत उभें राहिलेल्या माणसाला हें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आतां त्या औषधांकडे वळूं. तळोज्याला लागून असलेल्या खारघरला टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही कर्करोग संशोधन संस्था आहे. तिचें मूळ म्हणजे १९५२ मध्यें परळला सुरू झालेलें कर्करोग संशोधन केंद्र, ज्याचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. २००२ मध्यें तें काम खारघरला आलें. कर्करोगाच्या कित्येक औषधांचा नेम सूक्ष्मनलिकांवरच असतो. सदाफुलीचीं द्रव्यें नळी मोडतात. टॅक्सॉल, म्हणजे पॅक्लिटॅक्सेल, नेमकें उलट करतें, नळीला घट्ट करून ढांसळूंच देत नाहीं, असें सूझन हॉर्विट्झ यांनीं १९७९ मध्यें दाखविलें. परिणाम दोहोंचा एकच: विभाजन अडतें आणि वेगानें वाढणारी पेशी मरते. परंतु मज्जापेशी विभागत नसल्या तरी त्यांचे रूळ त्याच विटांचे असतात. औषधाला कर्करोगाचा रूळ आणि मज्जातंतूचा रूळ यांतील भेद कळत नाहीं. माल अडतो, आणि ज्याची वाट सर्वांत लांब त्या तंतूला प्रथम झळ लागते. म्हणून बधिरपणा पायाच्या बोटांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर चढतो.

माझ्या नात्यांतील एका वहिनींना कांहीं वर्षांपूर्वीं पॅक्लिटॅक्सेल देण्यांत आलें. डॉक्टरांनीं या बधिरपणाची कल्पना आधींच दिली होती. तिसऱ्या-चौथ्या सलाइनीनंतर घरांत चालतांना वहिनींच्या पायांतली चप्पल मागें राही आणि त्यांना तें कळत नसे. डॉक्टर त्यांना डोळे मिटावयास सांगत आणि बोटाला स्पर्श करून विचारीत, कोणतें बोट? उत्तर चुकूं लागलें तेव्हां त्यांनीं मात्रा कमी केली. येथें मोठाच पेंच असतो. मात्रा कमी करावी तर रोगाला सवड मिळेल कीं काय ही चिंता, आणि न करावी तर पाय कायमचे जातील ही भीति. रोगी पेशींतला रूळ मोडावा आणि मज्जातंतूंतला राखावा, यासाठीं जगभर खटपट चालू आहे. वहिनींचा रोग हटला. बधिरपणाहि वर्षभरांत पुष्कळसा ओसरला. बोटांच्या शेंड्यांपुरता राहिला. जिना उतरतांना त्या अजून प्रत्येक पायरी डोळ्यांनीं नीट पाहतात, आणि मगच पाऊल टाकतात.